ऊडनाडाटा ट्रॅक, फोर-बाय-फोर आणि तंबू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ॲडलेडला राहते. हा रस्ता आम्ही आतापर्यंत तीनदा केला, एकदा भाड्याच्या गाडीने आणि दोनदा घरच्या. फोटो टाकले की मेलबर्न-सिडनीच्या मित्रमैत्रिणींचे फोन सुरू होतात, सांगलीहून मावसभाऊ विचारतो, पुण्याहून नणंदेचा मुलगा विचारतो. तेच ते सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून ठेवते. घाई असेल त्यांनी टायर, पाऊस आणि गाडी बंद पडणं एवढे तीन प्रश्न वाचले तरी चालेल.

हा रस्ता आहे कुठे? किती लांब?

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात. मरी या गावी सुरू होतो आणि मार्ला इथे स्टुअर्ट हायवेला मिळतो. मधला सुमारे ६२० किलोमीटर कच्चा रस्ता. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, त्यावरून अंदाज करा. फक्त इथे वाटेत वस्त्या दोनच. दोनशे किलोमीटरवर विल्यम क्रीक, तिथून आणखी दोनशेवर ऊडनाडाटा, मग उरलेले दोनशेदहा. ॲडलेडहून मरी गाठायलाच पावणेसातशेच्या वर किलोमीटर होतात, ते वेगळे.

गावाचं नाव मरी. हो, मरीआईतलीच मरी. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती पाच सेकंद काही बोललीच नाही. आणि क्रीक म्हटल्यावर ठाण्याची खाडी डोळ्यासमोर आणू नका. इथे क्रीक म्हणजे ओढा, तोही बहुतेक वेळा कोरडा ठणठणीत.

इतकं लांब जाऊन बघायचं काय? फोटोत तर नुसती लाल माती दिसते.

रस्ता इथूनच का गेला हे आधी समजून घ्या, मग त्या लाल मातीत खूप काही दिसायला लागतं. जमिनीखाली ग्रेट आर्टेजियन बेसिन हा भूजलाचा प्रचंड साठा आहे, ऑस्ट्रेलियाच्या पाचव्या हिश्श्याहूनही मोठा. पूर्वेकडच्या डोंगरांत मुरलेलं पाणी खडकातून लाखो वर्षं सरकत इकडे येतं आणि या पट्ट्यात वर फुटतं. पाण्याबरोबर आलेले क्षार आणि वाळू साचून उमाळ्याभोवती टेकाड तयार होतं, म्हणून पाणी चक्क टेकाडाच्या माथ्यावर सापडतं. अशा उमाळ्यांची ओळच्या ओळ आहे. ती धरून अरबाना आणि इतर आदिवासी लोक हजारो वर्षं ये-जा करत होते. १८५८ पासून जॉन मॅकडुअल स्टुअर्ट हा शोधक याच ओळीने उत्तरेला सरकत गेला. मग तारेचे खांब आले, मग रेल्वे आली, आणि आता आपण आपला तंबू घेऊन जातो.

वाब्मा काडार्बू या संरक्षित उद्यानात यातले दोन उमाळे रस्त्यापासून जवळ आहेत. त्यातल्या 'बबलर'पाशी माझी मुलगी पाऊण तास बसून राहिली. तळ्याच्या मध्यभागी तळाची वाळू फुगते, गोल फिरते, आणि पिठलं शिजताना भक्क करून बुडबुडा येतो तसा एक येऊन फुटतो, फक्त आवाज न करता. मग मिनिटभर सगळं शांत. मग पुन्हा.

तारेचं म्हणाल, तर पोर्ट ऑगस्टा ते डार्विन ही सुमारे ३,२०० किलोमीटरची लाइन १८७२ साली पुरी झाली. डार्विनहून समुद्राखालून जावा, सिंगापूर, मद्रास, मग आपली मुंबई आणि पुढे लंडन. बोटीने महिने घेणारा निरोप काही तासांवर आला. स्ट्रँगवेज स्प्रिंग्ज इथे त्या काळच्या तारघराच्या दगडी भिंती उभ्या आहेत. आजूबाजूला चिटपाखरू नाही, आणि मुंबईमार्गे जाणारे निरोप इथून पुढे ढकलणारे लोक इथे बायकापोरांसह राहत होते, हे तिथे उभं राहूनही खरं वाटत नाही.

रेल्वे म्हणजे जुनी 'घान'. रूळ १८९१ साली ऊडनाडाटाला आणि १९२९ साली ॲलिस स्प्रिंग्जला पोचले. पुरात रूळ वाहून जायचे, गाडी दिवसचे दिवस अडकून पडायची, शेवटी १९८० साली ही लाइन बंद झाली आणि नवी पश्चिमेकडून गेली. जुन्या लाइनवरचा आल्जबकिनाचा लोखंडी पूल तेवढा चुकवू नका. ५७८ मीटर लांब आणि खाली बहुतेक वेळा तुटक डबकी. एवढा पूल कशाला बांधला, असं प्रत्येक जण विचारतो. नील्स नदीला पूर आलेला पाहिलेला माणूस विचारत नाही.

'घान' हे नाव अफगाण उंटवाल्यांवरून पडलं असं मानतात. पण सगळे काही अफगाणिस्तानातले नव्हते. बलुची होते, सिंधी होते, पंजाबी होते. थॉमस एल्डर या व्यापाऱ्याने मागवलेले शंभरावर उंट आणि त्यांचे हाकणारे कराचीहून बोटीने निघून १८६५ च्या शेवटच्या दिवशी पोर्ट ऑगस्टाला उतरले. तेव्हाची कराची म्हणजे मुंबई इलाखा. मरीला त्यांनी बांधलेल्या मातीच्या मशिदीची प्रतिकृती आहे. आपण इथे आलो ते विमानाने, इंजिनीअर-डॉक्टर होऊन. आपल्या आधी शंभर-दीडशे वर्षं आपल्याच इलाख्यातून माणसं इथे आली होती, हे मला ॲडलेडला दहा वर्षं राहूनही माहीत नव्हतं.

बाकी वाटेत उभी रोवलेली जुनी विमानं आहेत, भंगारातून केलेली शिल्पं आहेत, डिंगो या रानटी कुत्र्यांना दक्षिणेकडच्या मेंढ्यांपासून लांब ठेवणारं साडेपाच हजार किलोमीटर लांबीचं कुंपण आहे. ती दिसतातच, शोधावी लागत नाहीत.

कोणत्या महिन्यात जावं?

मे ते सप्टेंबर. इथला हिवाळा. दिवसा स्वेटर काढावासा वाटतो आणि रात्री पारा पाचच्या खाली, कधी शून्यापर्यंत जातो. डिसेंबर-जानेवारीत भारतातून पाहुणे येतात आणि तेव्हाच जायचं म्हणतात. त्यांना मी एकच आकडा सांगते: २ जानेवारी १९६० रोजी ऊडनाडाटाला ५०.७ अंश नोंदवले गेले. मग ते ग्रेट ओशन रोडला जातात.

फोर-बाय-फोर लागतेच का? आमची साधी एसयूव्ही आहे.

रस्ता कोरडा असेल, नुकताच ग्रेडर (रस्ता सपाट करणारं यंत्र) फिरलेला असेल, तर उंच बुडाची साधी एसयूव्हीही जाते. जाताना भेटतात तशा. पण रस्ता आठ दिवसांपूर्वी कसा होता यावर आज कसा असेल हे ठरत नाही. फोर-बाय-फोरचा खरा उपयोग इथे चढ चढायला नाही, सैल खडीवर गाडी मागून सरकू नये यासाठी आहे. आम्ही कच्चा रस्ता लागला की फोर-हायमध्ये (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग) टाकतो आणि मार्लापर्यंत तशीच ठेवतो. फोर-लो (तेच, पण हळू आणि जास्त ताकदीने) तीन फेऱ्यांत एकदाच लावलं, तेही गाडीपेक्षा नवऱ्याच्या समाधानासाठी.

त्यामुळे लँडक्रूझरच पाहिजे, प्राडोच पाहिजे, इंजिनाची हवा टपापासून घेणारं स्नॉर्कल पाहिजे, रुतलेली गाडी ओढायचा विंच पाहिजे, असले वाद घालत बसू नका. जे पैसे विंचवर घालणार ते टायरवर घाला.

भाड्याची गाडी घेतली तर? भारतातलं लायसन्स चालतं?

फिरायला आलेल्यांना भारतातलं इंग्रजीत असलेलं लायसन्स चालतं, आणि गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने, तेव्हा ती अडचण नाही. अडचण कराराची आहे. बऱ्याच कंपन्यांच्या अटींत कच्च्या रस्त्यावर गाडी नेली की विमा रद्द असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, फोर-बाय-फोर दिली असली तरी. 'ऊडनाडाटा ट्रॅक' असं नाव घालून लेखी परवानगी घ्या. टायर, काच, गाडीचं पोट आणि पाण्याने होणारं नुकसान विम्यात धरलंय का, हे चारही वेगवेगळं विचारा. काउंटरवरचा मुलगा हसून 'नो वरीज' म्हणाला, यावर जाऊ नका.

टायरचं एवढं काय आहे?

सगळं तेच आहे. इथले दगड गिबर म्हणतात तसले, वाऱ्याने घासून गुळगुळीत झालेले, पण रस्त्यात फुटले की धार येते. डांबरी रस्त्यावर चालणारी हवा तशीच ठेवून त्यावरून शंभरच्या वेगाने गेलात की टायर फुगा टाचणीवर आपटावा तसा आपटतो. हवा कमी केली की टायर दगडावर बसतो, दबतो, सोडून देतो. आमची गाडी डांबरी रस्त्यावर ३८ पीएसआयवर असते, कच्चा लागला की २६ ते २८ वर आणतो आणि वेग सत्तर-ऐंशीच्या वर नेत नाही. हवा कमी आणि वेग कमी, या दोन्ही गोष्टी एकत्र करायच्या. हवा कमी करून वेग तोच ठेवला तर टायर तापून फाटतो, म्हणजे आगीतून फुफाट्यात. परत डांबर लागलं की हवा भरायची, त्यासाठी बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर सोबत हवा.

आता आमची फजिती. पहिली फेरी, भाड्याची गाडी. विल्यम क्रीक सोडून दीड तास झाला असेल, मागचा डावा टायर बाजूच्या भिंतीला फाटला. बोटभर चीर. अशा चिरेला पंक्चरची दोरी लागत नाही. जॅक लावला, तर गाडी वर जाण्याऐवजी जॅकच भुसभुशीत मातीत खाली जायला लागला. शेवटी स्वयंपाकाच्या खोक्यातून पोळपाट काढला आणि त्यावर जॅक ठेवला. चाक निघालं. स्टेपनी बसवली आणि गाडी खाली सोडली, तर स्टेपनी चपटी. मोजली तर बारा पीएसआय. गाडी ताब्यात घेताना आम्ही चारी चाकं लाथ मारून बघितली होती, पाचवं कोणी बघितलंच नव्हतं. कॉम्प्रेसर होता म्हणून निभावलं. पोळपाटाला तडा गेला तो गेला. आता आम्ही जॅकखाली ठेवायला जाड फळी नेतो, दोन स्टेपन्या नेतो, आणि घर सोडताना पाचवं-सहावं चाक आधी मोजतो.

तर निघण्याआधी घराच्या अंगणात एकदा चाक काढून परत बसवा. पाना नटांना बसतो का, जॅक कुठे ठेवलाय, तो कुठे लावायचा, हे तिथे कळलेलं बरं.

रस्त्यावर गाडी चालवायची कशी?

रस्ता बऱ्याच ठिकाणी पन्हाळी पत्र्यासारखा असतो, आडव्या वळ्या. हळू गेलात तर प्रत्येक वळी कण्यातून जाते, फार जोरात गेलात तर चाकं जमिनीला टेकतच नाहीत आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. साठ-सत्तरच्या आसपास गाडीला आपोआप सूर सापडतो. तासाभराने थांबा, शॉक ॲब्सॉर्बर निवू द्या, नट आणि टपावरचे पट्टे हाताने तपासा. पहिल्या दिवशी आमच्या गाडीच्या नंबरप्लेटचा एक स्क्रू गळून पडला, दुसऱ्या दिवशी दुसरा.

बुलडस्ट म्हणजे टाल्कम पावडरसारखी मऊ धूळ. खड्डा काठोकाठ भरून वरून सपाट दिसते, त्यामुळे रस्ता अचानक फार छान वाटायला लागला की पाय ब्रेकवर आणा.

समोरून गाडी आली की वेग कमी करून डावीकडे व्हा, तिच्या चाकाखालचा दगड तुमच्या काचेवर येतो. रोड ट्रेन, म्हणजे मागे डब्यामागे डबे जोडलेला ट्रक, आली तर सरळ थांबा. लांबी साडेत्रेपन्न मीटरपर्यंत, म्हणजे आपल्या पाच एसट्या एकामागे एक जोडल्यासारखी. ती गेल्यावर मिनिटभर काहीही दिसत नाही, धूळ बसेपर्यंत हलू नका. धुळीतून ओव्हरटेक तर कधीच नाही.

अंधार पडायच्या तासभर आधी गाडी लावून टाका. कांगारू आणि इमू तेव्हाच बाहेर पडतात, आणि उघड्या रानात गुरं मोकळी असतात. विल्यम क्रीकच्या चहूबाजूंना ॲना क्रीक हे जगातलं सर्वांत मोठं कॅटल स्टेशन, म्हणजे गुरं पाळायचं रान, आहे, साधारण आपल्या पुणे जिल्ह्याएवढं, आणि त्याला रस्त्याच्या कडेने कुंपण नाही. कांगारू निदान एका दिशेने पळतो. इमू पळता पळता मत बदलतो.

पाऊस आला तर?

रस्ता बंद. फाटकं लागतात, पाट्या फिरतात, आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर जबर दंड होतो. पाच-दहा मिलिमीटर पाऊस, जो आपल्याकडे कोणी मोजतसुद्धा नाही, तेवढा पुरतो. इथली माती ओली झाली की टायरला लापशीसारखी चिकटते, चाकाचा गोळा होतो आणि गाडी बर्फावर घसरावी तशी आडवी होते. आणि तुम्ही कसेबसे निघून गेलात तरी तुमच्या चाकांनी पाडलेल्या घळी सुकून दगडासारख्या होतात, त्या मागून येणाऱ्यांना महिनाभर छळतात. इथल्या लोकांचा राग त्यावर असतो.

निघताना आणि प्रत्येक वस्तीवर राज्य सरकारच्या वाहतूक खात्याचं आउटबॅक रस्त्यांच्या स्थितीचं पान बघा, आणि पबमध्ये विचारा. दोन्हींत फरक असला तर पबचं ऐका. ओढ्यातून पाणी वाहत असेल तर थांबा, किती खोल आहे ते पायी जाऊन बघण्याआधी गाडी घालू नका, आणि पायी जाण्याइतकं सुरक्षित वाटत नसेल तर गाडीचा प्रश्नच नाही.

मुख्य म्हणजे हातात दोन-तीन दिवस मोकळे ठेवून निघा. सोमवारी सकाळी ऑफिसला हजर व्हायचंय असं ठरवून आलेली माणसंच बंद फाटकाच्या बाजूने गाडी काढतात. दुसऱ्या फेरीत आम्ही ऊडनाडाटाला दोन रात्री अडकलो होतो. पत्ते खेळलो, गुलाबी रंगाच्या रोडहाउसमध्ये चहावर चहा झाला, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ग्रेडरवाला येऊन म्हणाला, जा आता.

पेट्रोल-डिझेल आणि पाणी किती न्यायचं?

इंधन मरी, विल्यम क्रीक, ऊडनाडाटा आणि मार्ला इथे मिळतं, शहरापेक्षा बरंच महाग. प्रत्येक ठिकाणी टाकी भरायची, भाव बघायचा नाही. आडवाटेला जाणार असाल तर वीस लिटरचा एक कॅन बाहेर बांधा, गाडीच्या आत नको.

पाण्याचा माझा हिशोब माणशी दिवसाला सात ते दहा लिटर आणि वर तीन दिवसांचं जास्तीचं. एका मोठ्या टाकीपेक्षा दहा-दहा लिटरचे कॅन बरे, एक फुटला तर बाकीचे राहतात. बोअरचं पाणी वाटेत मिळतं, पण ते खारट, मचूळ असतं. त्यात डाळ शिजत नाही, हे मी स्वतः दोन तास गॅस जाळून शिकले.

मोबाइलला रेंज असते का?

गावाच्या आसपास थोडी, तीही टेल्स्ट्रा कंपनीच्या सिमला. मधे काही नाही. आम्ही तीन गोष्टी नेतो. एक यूएचएफ रेडिओ, म्हणजे गाडीतला वॉकी-टॉकी, चॅनल ४० वर ट्रकवाले ऐकत असतात. दुसरा सॅटेलाइट फोन, भाड्याने मिळतो. तिसरा पीएलबी, म्हणजे खिशात मावणारा संकट-संदेश यंत्राचा डबा. त्याची नोंदणी ऑस्ट्रेलियात फुकट होते, बटण दाबलं की संदेश उपग्रहामार्गे कॅनबेराच्या बचाव केंद्राला जातो. ते जिवावर बेतलं तरच दाबायचं, पंक्चरसाठी नाही.

भारतातून येणाऱ्यांना आणि भारतात जाणाऱ्यांना एक सूचना. सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून मेसेज पाठवणारी यंत्रं भारतात परवान्याशिवाय बाळगणं बेकायदा आहे. विमानतळावर पकडले गेलेले परदेशी पाहुणे बातम्यांत येऊन गेलेत. ट्रिप संपली की ते यंत्र ऑस्ट्रेलियातच ठेवा, मुंबईला निघताना बॅगेत विसरू नका.

गाडी बंद पडली किंवा रुतली तर?

गाडी सोडून जायचं नाही. दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी हे राहू द्या. डिसेंबर १९९८ मध्ये लेक एअर या मिठाच्या तळ्याच्या काठी हॅलिगन बे इथे एका ऑस्ट्रियन जोडप्याची गाडी वाळूत रुतली. मदत येईना म्हणून ते चालत विल्यम क्रीककडे निघाले. तो माघारी फिरून गाडीपाशी आला, ती पुढे चालत राहिली. तो वाचला, ती वाटेतच गेली. गाडीपाशी सावली होती आणि पाणीही होतं.

गाडी विमानातून दिसते, माणूस दिसत नाही. बॉनेट उघडं ठेवा, सावलीत बसा, पाणी हिशोबाने पण वेळच्या वेळी प्या. निघण्याआधी कोणाला तरी लिहून द्या की कुठून कुठे जाणार, अमुक दिवशी फोन आला नाही तर पोलिसांना कळव. आणि पोचल्यावर तो फोन न विसरता करा. माझ्या मैत्रिणीने एकदा पोचल्याचा फोन केला नाही, मी रात्रभर जागी.

आजारपणासाठी रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस आहे, १९२८ पासून विमानाने रुग्ण नेणारी. तिच्यावर विश्वास ठेवा, पण बीपी-शुगरच्या गोळ्या दोन आठवड्यांच्या जास्तीच्या घ्या.

तंबू कुठे ठोकायचा? आणि… ते?

'ते' म्हणजे काय हे प्रत्येक जण आवाज खाली आणून विचारतो. कॅम्पग्राउंडवर संडास असतात. नसले तर फावडं घेऊन पाण्यापासून शंभर पावलं तरी लांब जायचं, फूटभर खड्डा खणायचा आणि नीट बुजवायचा. कागद पिशवीत घालून परत आणायचा. झालं.

तंबूसाठी माझं आवडतं ठिकाण कॉवर्ड स्प्रिंग्ज. रेल्वेच्या काळातली खजुराची झाडं, जुनी रेल्वेची घरं, आणि बोअरचं कोमट पाणी सोडलेला लाकडी हौद, ज्यात दिवसभराची धूळ घेऊन बसता येतं. कडक उन्हाळ्यात ते बंद असतं. कोरड्या ओढ्याच्या पात्रात मऊ वाळू बघून तंबू ठोकायचा मोह होतो, तो टाळा, पाऊस शंभर किलोमीटर दूर पडला तरी पाणी तुमच्याकडे येतं. लाकडं गोळा करायला उद्यानांत बंदी आहे आणि आगबंदीचे दिवस असतात, म्हणून गॅसची शेगडी बरी.

जेवणाचं काय? शाकाहारी लोकांचं काय होतं?

पबमध्ये चिप्स मिळतात, चीज टोस्ट मिळतं. तीन दिवस त्यावर काढता येतात, पण कशाला? थालीपिठाची भाजणी, मेतकूट, पोहे, मुगाची डाळ, तांदूळ, शेंगदाण्याची चटणी, लोणचं आणि तीन लिटरचा कुकर एवढ्यात आठ दिवस राजासारखे जातात. कुकरची शिट्टी झाली की शेजारच्या तंबूतले लोक दचकून बाहेर येतात, मग त्यांनाही खिचडी द्यावी लागते.

सगळं घट्ट झाकणाच्या डब्यांत भरा. धूळ कुठेही जाते. काचेच्या बरण्या नकोत. पन्हाळी रस्त्यावर माझी लसणाच्या चटणीची बरणी उघडली आणि पुढचे दोन दिवस सगळ्यांच्या झोपायच्या पिशव्यांना लसणाचा वास होता. अंडी न्यायची असतील तर फोडून बाटलीत भरून न्या.

मेलबर्न-सिडनीकडून येणाऱ्यांनी लिंबू, हिरवी मिरची, टोमॅटो, फळं गाडीत ठेवू नका. फळमाशी येऊ नये म्हणून दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर तपासणी नाकी आहेत, मिल्ड्युराहून येताना याम्बाला लागतं. तिथे जागेवर दंड होतो. ताजी भाजी पोर्ट ऑगस्टाला घ्या, त्यानंतर मोठी मंडई नाही.

साप, डिंगो, माश्या?

जगातला सर्वांत जहाल विषाचा साप, इनलँड टायपन, याच भागातला. पण तो लाजाळू आहे आणि हिवाळ्यात क्वचितच दिसतो, आम्हाला तीन फेऱ्यांत दिसला नाही. बूट घालायच्या आधी झटका, रात्री टॉर्च घ्या, गाडीत रुंद क्रेप बँडेज ठेवा. डिंगो अन्न उघड्यावर ठेवलं तर येतो. माश्या मात्र येतातच. डोक्यावरून घ्यायची जाळी पाच-दहा डॉलरला मिळते. पहिल्या दिवशी ती घालायची लाज वाटते, दुसऱ्या दिवशी वाटत नाही.

लेक एअरमध्ये पाणी असतं का?

बहुतेक वर्षी नाही, किंवा थोडंसंच. काटी थांडा-लेक एअर हे तळं भरलं तर साडेनऊ हजार चौरस किलोमीटरचं होतं, कोरडं असताना मीठच मीठ. तळ समुद्रसपाटीच्याही पंधरा मीटर खाली, ऑस्ट्रेलियातला सर्वांत खोल भाग. पाणी येतं ते क्वीन्सलँडच्या पुराचं, शेकडो किलोमीटर सपाट मैदानातून रेंगाळत, महिन्यांनी पोचतं. १९७४ साली काठोकाठ भरलं होतं, २०२५ मध्येही बरंच पाणी आलं. मरी आणि विल्यम क्रीकहून छोटी विमानं वर फिरवून आणतात. पैसे जातात, पण रस्त्याकडेच्या कठड्यावरून नुसती पांढरी रेघ दिसते, वरून आकार कळतो.

तळ्याच्या पृष्ठभागावर गाडी न्यायला बंदी आहे. मिठाचा थर वर कडक, खाली चिखल. आणि हे तळं अरबाना लोकांसाठी पवित्र आहे, तेव्हा फोटोसाठी आत उतरू नका, काठावरून बघा.

आईबाबांना न्यावं का?

मी आईला नेलं, ती तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. तंबूत तिला एक रात्रच झोपवलं, बाकी मरीच्या हॉटेलात आणि विल्यम क्रीकच्या केबिनमध्ये खोल्या घेतल्या. दोन-तीन महिने आधी सांगून ठेवावं लागतं. घडीचं कमोड नेलं, पाठीला उशी दिली, दिवसाला अडीचशे किलोमीटरच्या वर गेलो नाही.

मरी सोडल्यावर तासाभराने ती खिडकीतून बघत म्हणाली, "अगं, हा तर आपला जतचा माळ. एवढे पैसे घालून जत दाखवायला आणलंस होय?" त्यानंतर दिवसभर तिने मला कोणता ओढा आटपाडीच्या कोणत्या ओढ्यासारखा आहे हे सांगितलं. रात्री मात्र बाहेर खुर्ची टाकून दोन तास बसली. जुलै होता, वृश्चिक बरोबर डोक्यावर, आणि नंतर चंद्र उगवला तर त्यावरचा ससा उलटा टांगलेला. ते तिने सांगलीला फोन करून तिघांना सांगितलं.

किती दिवस लागतात?

ॲडलेड ते ॲडलेड आठ-नऊ दिवस, आणि वरचे दोन-तीन पावसाचे. चार दिवसांत करणारे आहेत, त्यांना विचारा काय पाहिलं.

पुढे उलुरूला जाता येतं का?

हो. मार्लाहून स्टुअर्ट हायवेने उत्तरेला आणि मग लॅसेटर हायवेने पश्चिमेला, मिळून सुमारे पाचशे किलोमीटर, सगळा डांबरी. त्या प्रचंड लाल खडकावर चढायला ऑक्टोबर २०१९ पासून बंदी आहे, भोवतीने चालता येतं. तेवढा वेळ नसेल तर विल्यम क्रीकहून १६६ किलोमीटरच्या कच्च्या रस्त्याने कूबर पीडीला उतरा, तिथे उन्हापायी लोक जमिनीखाली घरं करून राहतात, आणि तिथून डांबरी रस्त्याने घरी.

परत आल्यावर गाडी स्वच्छ कधी होते?

होत नाही. तीनदा धुतली, आतून व्हॅक्यूम केली, गालिचे काढून वाळवले. गेल्या आठवड्यात मुलीला शाळेत सोडताना पहिल्यांदाच एसीचा पंखा पूर्ण जोरात लावला, तर तिच्या पांढऱ्या शर्टावर लाल धुळीचा एक फवारा आला.